रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर दुसऱ्या दिवशी काय?

वाचक लिहितात:

मी पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. ३१० माणसं, तीन पाळ्या. दोन महिन्यांपूर्वी रात्रपाळीत फोर्कलिफ्ट रॅकवर आदळली आणि दीड टनाची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) एका हेल्परपासून हातभर अंतरावर पडली. तो वाचला. ड्रायव्हर नशेत होता अशी कुजबुज तेव्हापासून सुरू आहे, पण त्या रात्री तपासणी झाली नाही, कारण तशी काही सोयच नव्हती. आता संचालकांचा निर्णय झालाय: पुढच्या महिन्यापासून लघवीची तपासणी, कुणाचीही, कधीही. पॉझिटिव्ह आला की त्याच दिवशी कामावरून कमी. युनियन खवळली आहे. बावीस वर्षं प्रेसवर असलेले एक काका मला म्हणाले, ‘मॅडम, इतकी वर्षं दहाही बोटं शाबूत ठेवली, ती काय तुमच्या डबीमुळे?’ मला डाय पडल्याचा आवाज अजून आठवतो आणि काकांचा चेहराही. सुरुवात कशी करू?

उत्तर:

ताई,

काकांचं वाक्य वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. कारखान्यांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं काढली. रुमालात गुंडाळून आणलेलं बोट मी हातात घेतलेलं आहे. त्यामुळे ‘तपासणी कशाला हवी’ असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, भट्टी अशा ठिकाणी झिंगलेला माणूस उभा असेल, तर शेजारच्याचा जीव धोक्यात असतो आणि त्या शेजाऱ्याला कुणी विचारलेलंही नसतं. पण काका जे म्हणतात तेही खरं आहे. बोटं शाबूत राहिली ती त्यांच्या लक्षामुळे, मशीनचं संरक्षक गार्ड जागेवर असल्यामुळे आणि बाजूच्या माणसाने वेळेवर हाक मारल्यामुळे. तपासणी आणताना हा भरवसा मोडला, तर मिळवण्यापेक्षा गमावणं जास्त होईल.

म्हणून माझं पहिलं सांगणं: किट मागवण्याआधी, पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं काय करायचं ते कागदावर लिहून काढा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. संचालकांनी उत्तर आधीच देऊन टाकलंय, ‘घरी’. ते उत्तर चूक का आहे, ते समजायला लघवीची तपासणी नेमकं काय सांगते ते आधी पाहावं लागेल.

ती सांगते की अमुक पदार्थ, किंवा शरीराने त्याचं केलेलं रूप, लघवीत आहे. माणूस आत्ता नशेत आहे का, हे ती सांगत नाही. एखाद्याने एकदाच गांजा ओढला असेल तर साधारण तीन दिवस तो लघवीत दिसू शकतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. कोकेन, अफूजन्य पदार्थ, अॅम्फेटामाइन हे साधारण दोन ते चार दिवसांत निघून जातात. म्हणजे सुटीच्या दिवशी गांजा ओढून नंतर दोन रात्री नीट झोपलेला माणूस तुमच्या चाचणीत सापडेल. कामावर यायच्या तासभर आधी दारूचे दोन पेले रिचवून आलेला मात्र सुटेल, कारण नेहमीच्या ड्रग पॅनेलमध्ये दारू बघतच नाहीत. तिच्यासाठी श्वासाचं यंत्र लागतं. लाळेची तपासणी त्या मानाने ‘आत्ता’च्या जास्त जवळ जाते, एक-दोन दिवसांपलीकडचं सहसा दाखवत नाही. केसांची तपासणी तर जवळपास तीन महिने मागे जाते. नोकरीवर घेताना तिचा कुणी उपयोग करेल, पण काल रात्रीच्या अपघाताबद्दल ती काहीच बोलत नाही. तुमचा हेतू जर कामावरची सुरक्षितता असेल, तर माझं मत श्वास आणि लाळ यांच्या बाजूने आहे. माणसाने सुटीत काय केलं हे शोधायला तुम्ही निघालेला नाही, हे साधन निवडतानाच दिसू द्या.

आणखी एक विचारते. त्या फोर्कलिफ्टवाल्याची त्या आठवड्याची हजेरी काढून बघितलीत का? ओव्हरटाइम किती होता, सलग कितवी रात्रपाळी होती, दिवसा झोपायला मिळालं होतं का? १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हात आणि डोळे यांची सांगड, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली निघाली. २४ तास झाल्यावर ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. पुष्कळ देशांत ०.०५ टक्क्यांवर गाडी चालवणं गुन्हा आहे. रात्रपाळीला येणारा माणूस दिवसभर घरची कामं करून आला असेल, तर पहाटे तीनला त्याची अवस्था तीच असते आणि त्याच्या डबीत काहीच सापडणार नाही. धोरणाच्या कागदात पाळ्या आणि विश्रांतीबद्दल एक परिच्छेद असू द्या. त्याशिवाय कामगार त्या कागदावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि तेच बरोबर असेल.

संचालक कदाचित अमेरिकेचं उदाहरण देतील, की तिकडे सगळ्यांची तपासणी होते. ते कुठून आलं ते त्यांना जरूर सांगा. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेस या ठिकाणी मालगाडीची इंजिनं सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. इंजिन चालवणाऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने गांजा ओढला होता. या घटनेनंतरच्या दबावातून १९९१ साली वाहतूक क्षेत्रातल्या सक्तीच्या तपासणीचा कायदा झाला. पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: इंजिनातली धोक्याची सूचना देणारी शिट्टी चिकटपट्टी लावून दाबून टाकलेली होती. मला त्या अपघातातून हेच सांगावंसं वाटतं. गांजा होता, आणि शिट्टीही बंद होती. तुमच्या कारखान्यात कोणत्या शिट्ट्यांवर पट्टी लावलेली आहे? रॅकला धक्का बसला तर डाय निसटू नये म्हणून काही अडसर होता का? फोर्कलिफ्टच्या वाटेवर माणूस उभा कसा राहू शकला? हे प्रश्न तपासणीच्या आधी सुटायला हवेत, निदान तिच्याबरोबर तरी.

आता एक प्रसंग सांगते. तो कारखाना कोणता ते सांगत नाही. तिथे नवी नवी तपासणी सुरू झाली होती. लेथवरचा एक माणूस, मितभाषी, कामाला चोख. पहारेकऱ्याने शॉपमध्ये येऊन त्याचं नाव मोठ्याने पुकारलं. तो हातात प्लॅस्टिकची डबी घेऊन संडासाच्या दाराबाहेर रांगेत उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगठ्याला अजून ग्रीस होतं आणि डबीवर त्याचा काळा ठसा उमटला होता. चाचणीच्या पट्टीवर अफूजन्य पदार्थाची रेघ उमटली. सुपरवायझर शेजारीच उभा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपला कळलं. चार दिवसांनी माझ्याकडे चिठ्ठी आली: डॉक्टरने दिलेलं कोडीनयुक्त खोकल्याचं औषध. कोडीनचं शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन, म्हणजे अफूतलाच पदार्थ, होतं, त्यामुळे पट्टी खोटं बोलली नव्हती. माणूसही खोटं बोलला नव्हता. व्यवस्थापनाने ‘गैरसमज दूर झाला’ असं पत्र दिलं. पण शॉपमध्ये जे नाव पडलं ते पडलंच. तो सहा महिन्यांत सोडून गेला.

यात मला आजही खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या औषधाने गुंगी येते. त्या आठवड्यात त्याला लेथवर उभं करायलाच नको होतं. कुणी त्याला नीट विचारलं असतं, आणि सांगितल्यावर पगार कापला जाणार नाही याची खात्री त्याला असती, तर त्यानेच सांगितलं असतं. खोकल्याचं औषध, सर्दीच्या काही गोळ्या, अॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या, दुखण्याच्या, मानसिक आजारावरच्या गोळ्या, यांतल्या कितीतरी गोळ्यांनी हात मंदावतो. हे सांगण्यासाठी एक जागा हवी आणि ती जागा डॉक्टरांची असावी, सुपरवायझरची नव्हे. डॉक्टरांनी वर एवढंच कळवायचं: ‘हा माणूस पुढचे आठ दिवस फिरत्या मशीनवर नको.’ कारण लिहायचं नाही.

या प्रसंगातून निघणारे नियम धोरणात शब्दशः लिहा. पट्टीची चाचणी ही फक्त चाळणी आहे, तिच्यावर कुणाचंही भवितव्य ठरत नाही. हिशेब करून बघा. समजा तुमच्या ३१० पैकी सहा जण खरोखर काही घेतात आणि चाळणी त्या सहाही जणांना पकडते. न घेणारे ३०४. चाचणी शंभरातल्या तिघांबाबत जरी चुकली, तरी आणखी नऊ जण पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे पंधरापैकी नऊ निर्दोष. म्हणून पॉझिटिव्ह निघालेला प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने पुन्हा तपासला गेलाच पाहिजे. ही चाचणी पदार्थ नेमका ओळखते. नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करून दोन्ही त्या माणसासमोर सील करायचे, त्याची सही घ्यायची. पहिल्या भागाचा निकाल त्याला मान्य नसेल तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांत ही मागणी करायला ७२ तास देतात. आणि प्रयोगशाळेचा कागद आधी डॉक्टरांकडे जाईल. डॉक्टर त्या माणसाशी एकांतात बोलतील, औषधांच्या चिठ्ठ्या बघतील, मगच तुम्हाला निकाल कळवतील. किती प्रमाणापासून निकाल पॉझिटिव्ह धरायचा, त्या मर्यादेचे आकडेसुद्धा आधीच लिहून ठेवा. खसखस खाल्ल्यानेही अफूजन्य पदार्थांची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून अमेरिकेत १९९८ साली ही मर्यादा मिलिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली गेली. आकडा कमी ठेवला की धोरण कडक होतं असं नाही, निर्दोष माणसं जास्त अडकतात एवढंच.

लघवीचीच तपासणी ठरली, तर नमुना कसा घ्यायचा यावर युनियनचं सर्वांत जास्त लक्ष असेल, आणि ते असायलाच हवं. नाव पुकारायचं नाही, चिठ्ठी द्यायची. खोली बंद, समोर कुणी उभं राहायचं नाही. नमुना बदलला नाही ना हे बघायला पाहारा लागत नाही. डबीवरच्या पट्टीने चार मिनिटांच्या आत तापमान बघायचं, ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं की झालं. काहींना अशा वेळी लघवी होतच नाही. त्याला नकार समजू नका. पाणी द्या, तीन तासांपर्यंत वेळ द्या. बायकांच्या बाबतीत नमुना घेणारी बाईच असेल, हे लिहूनच टाका.

तपासणी कुणाची आणि कधी, इथे संचालकांशी तुम्हाला थोडं भांडावं लागेल. ‘कुणाचीही, कधीही’ हे ऐकायला कणखर वाटतं, पण ते न्यायालयात टिकेलच असं नाही. देशोदेशी कायदे वेगळे आहेत, तेव्हा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय एक ओळही फलकावर लावू नका. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एका कागद कारखान्यातली कधीही होणारी दारूची तपासणी रद्द ठरवली. काम धोक्याचं आहे हे न्यायालयाला मान्य होतं. पण पंधरा वर्षांत दारूशी संबंधित आठ घटना, एवढ्यावर सगळ्यांच्या खासगीपणात शिरता येत नाही, आणि व्यवस्थापनाने हे युनियनशी न बोलता परस्पर लादलं होतं. तुमच्याकडे तर एक घटना आहे आणि तिच्यामागे कुजबुज.

माझा सल्ला असा की तीन प्रसंगांपासून सुरू करा: धोक्याच्या कामावर नव्याने घेताना, अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात झाल्यावर, आणि ठोस संशय आल्यावर. अपघात म्हणजे काय तेही ठरवा. बोटाला साधा ओरखडा आला म्हणून डबी पुढे केलीत, तर लोक ओरखडे लपवायला लागतील आणि मग मोठी जखम होईपर्यंत तुम्हाला काही कळणारच नाही. संशयाचं म्हणाल, तर तो एका सुपरवायझरच्या डोक्यात येऊन भागत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या दोघांनी काय दिसलं ते वेळेसह लिहायचं: तोल जातो, बोलणं अडखळतं, वास येतो, डोळे जड आहेत. आणि आधी डॉक्टर, मग डबी. रक्तातली साखर उतरलेला मधुमेही हुबेहूब दारू प्यायल्यासारखा दिसतो. घाम, बरळणं, चिडचिड, अडखळती पावलं. त्याला ‘पिऊन आलाय’ म्हणून बाकावर बसवून ठेवलंत तर तो बेशुद्ध पडेल. डोक्याला मार लागलेल्याचं किंवा पक्षाघाताची सुरुवात झालेल्याचंही असंच.

पुढेमागे चिठ्ठ्या टाकून तपासणी करायचीच झाली आणि कायदा तशी मुभा देत असेल, तर ती धोक्याच्या कामांपुरती ठेवा, नावं संगणकाला काढू द्या आणि यादीत प्लांट मॅनेजर असू द्या, कंत्राटी कामगार असू द्या, तुम्ही असा. संचालक शॉप फ्लोअरवर फिरत असतील तर त्यांचंही नाव त्यात हवं. पहिला नमुना व्यवस्थापनातल्या माणसाने द्यावा. काकांना जे पटवायचंय ते शंभर परिपत्रकांनी पटणार नाही, पण साहेब चिठ्ठी घेऊन खोलीकडे जाताना दिसले की पटेल.

आता त्या दुसऱ्या दिवसाकडे येते. पॉझिटिव्ह निकाल पक्का झाला, डॉक्टरांनी औषधाचं कारण नाही असं सांगितलं. त्याला लगेच धोक्याच्या कामावरून काढा, यात दयामाया नको. पण नोकरीवरून नाही. त्याला उपचाराचा रस्ता द्या, तेवढी रजा द्या, डॉक्टरांनी ठीक म्हटल्यावर परत घ्या आणि ठरावीक काळ पुन्हा पुन्हा तपासा. त्याने उपचारच नाकारले किंवा परत आल्यावर पुन्हा तेच झालं, तर शिस्तीची कारवाई येते, आणि तेव्हा युनियनही आडवी येत नाही असं मी पाहिलंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली कामाच्या जागी दारू आणि अमली पदार्थांच्या प्रश्नांबाबत एक आचारसंहिता काढली. तिची भूमिका हीच आहे: याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा, दुसऱ्या कुठल्याही आजाराला देता तेवढीच गोपनीयता द्या. संचालकांना हे मऊपणाचं वाटलं तर त्यांना एवढंच विचारा, पॉझिटिव्ह म्हणजे हकालपट्टी असेल तर डोलणाऱ्या जोडीदाराबद्दल कोण येऊन सांगेल? आज जो सांगतो तो उद्या गप्प बसेल, कारण जोडीदाराच्या घरची चूल विझवण्याचं पाप कुणालाच नको असतं. पाळीतला शेजारी हाच तुमचा सर्वांत लवकर वाजणारा भोंगा आहे. त्याच्यावर पट्टी लावू नका.

तपासणी सुरू होण्याआधी किमान तीन महिन्यांची मुदत द्या. या काळात जो स्वतःहून येऊन सांगेल त्याच्यावर कारवाई नाही, फक्त मदत, असं लेखी जाहीर करा. आणि इथे डॉक्टर म्हणून कळकळीने सांगते: मुदतीच्या आदल्या दिवशी एकदम दारू सोडणारे निघतील. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात आणि काहींना फिट येते. पुढे भ्रमही होऊ शकतो. ही फिट प्रेससमोर आली तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. श्वासाच्या यंत्रावर तो माणूस शून्य दाखवेल. म्हणून जाहीर करतानाच सांगा: रोज पीत असाल तर स्वतःच्या मनाने एका दिवसात सोडू नका, आधी दवाखान्यात या, नाव बाहेर जाणार नाही. मग ते खरोखर बाहेर जाऊ देऊ नका. नोंदी डॉक्टरांच्या कपाटात, किल्ली डॉक्टरांकडे, तुमच्या व्यक्तिगत फाइलींत एक कागदही नको.

मसुदा लिहायला बसाल तेव्हा समितीत काकांना घ्या. युनियनचा प्रतिनिधी असेलच, पण काका वेगळे. त्यांना विचारा, बावीस वर्षांत बोटं जाता जाता कधी वाचली आणि तेव्हा काय चुकलं होतं. ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. संचालकांपुढे जाताना तो कागद वर ठेवा, तपासणीचा मसुदा त्याखाली.

आणि तो फोर्कलिफ्टवाला. त्या रात्री तो नशेत होता की नाही हे आता कुठलीच चाचणी सांगू शकणार नाही, त्याच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. दोन महिने तो ती कुजबुज पाठीवर घेऊन पाळीला येतोय. नव्या धोरणाचा पहिला बळी म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवलं जाणार आहे, तेव्हा याच आठवड्यात त्याला बोलावून घ्या, तुमच्या केबिनमध्ये नको, जिथे त्याला मोकळं बोलता येईल तिथे. आरोप नाही हे आधी सांगा. मग विचारा, त्या रात्रीच्या आधी किती तास झोपला होतास.